मालिकेत काम करायचंय? आधी ‘पर डे’चा हिशोब शिका

इन्स्टावर सारखे मेसेज येतात, ताई मला सिरीयलमध्ये काम करायचंय, काय करू, कुठे जाऊ, कोणाला भेटू. प्रत्येकीला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी स्वतः कुठल्या मालिकेची लीड वगैरे नाही हं, मी जाऊ, नणंद, हिरोईनच्या ऑफिसातली मैत्रीण आणि हल्ली हल्ली मावशी असले रोल करते. लीडच्या मुलाखती यूट्यूबवर ढिगाने आहेत, त्यात नशीब, आईबाबांचे आशीर्वाद आणि प्रेक्षकांचं प्रेम एवढं सगळं येतं, फक्त पैसे कधी मिळतात आणि दुपारचं जेवण किती वाजता मिळतं हे येत नाही. ते इथे.

तर पहिली गोष्ट, मालिकेत पगार नसतो, दिवस असतात. म्हणजे तुमचा रेट ‘पर डे’ ठरतो, ज्या दिवशी सेटवर बोलावलं त्या दिवसाचे पैसे, ज्या दिवशी सीन नाही त्या दिवशी काही नाही. हे वाक्य नीट डोक्यात ठेवा कारण पुढचं सगळं, कुठे राहायचं, करारात काय बघायचं, ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राची गोष्ट, संपला तर काय, सगळं ह्याच एका गोष्टीला लटकलेलं आहे. उदाहरण करून बघू, आकडे माझ्या मनाचे आहेत, रेट प्रत्येकीचा वेगळा असतो. समजा दिवसाला ४००० ठरले आणि महिन्यात १४ दिवस लागले, तर झाले ५६,०००. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, कापला जातो, म्हणजे ५,६०० गेले, उरले ५०,४००. काम कोऑर्डिनेटरतर्फे, म्हणजे कामं मिळवून देणाऱ्या मध्यस्थातर्फे, मिळालं असेल आणि त्याचं कमिशन १५ टक्के ठरलं असेल तर ते धरतात मूळ रकमेवर, म्हणजे अजून ८,४०० गेले. हातात ४२,०००. आणि हे ४२,००० त्या महिन्यात येत नाहीत, आपल्याकडे ९० दिवसांचं क्रेडिट चालतं, म्हणजे जूनमध्ये जे रडलात त्याचे पैसे सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरमध्ये. घरमालक काही ९० दिवस थांबत नाही.

म्हणून गावाहून मुंबईला यायचं ठरवत असाल तर पाच-सहा महिन्यांचं भाडं, डिपॉझिट, प्रवास आणि जेवण एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय येऊ नका. मला माहितीये हे फार रुक्ष वाटतं, पण ज्या मुली वर्षभरात परत गेल्या त्यातल्या बऱ्याच जणींना ॲक्टिंग येत होती, पैसे संपले म्हणून गेल्या.

शिकायचं कुठे

क्लास लावू का, हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. पंधरा दिवसांत ॲक्टिंग शिकवून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देणारा क्लास लावू नका, प्लेसमेंट असलं काही ह्या धंद्यात नसतंच. रीतसर शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुक्ता बर्वे तिथलीच, मुंबई विद्यापीठाची कलिन्याला अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, आणि दिल्लीची एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, आहे जिथून रोहिणी हट्टंगडी आल्या. पण कॉलेजात असाल तर त्याहून स्वस्त आणि भारी रस्ता म्हणजे एकांकिका. पुरुषोत्तम, फिरोदिया, मुंबईकडे आयएनटी, आणि २५ जानेवारीला रात्रभर चालणारी सवाई, ह्या स्पर्धांना मालिकांचे लेखक, दिग्दर्शक, क्रिएटिव्ह टीमवाले खरंच येऊन बसतात, कारण त्यांनाही नवे चेहरे हवेच असतात आणि समोर आयतीच दीडशे पोरं दिसतात. कॉलेज संपलं असेल तर राज्य नाट्य स्पर्धेसाठी आपल्या शहरातली हौशी संस्था शोधा, प्रत्येक जिल्ह्यात एखादी तरी असतेच.

नाटकवाल्या मुलींना कॅमेऱ्यापुढे दोनच गोष्टी कमी कराव्या लागतात, आवाज आणि भुवया. शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी केलेला अभिनय क्लोजमध्ये, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याजवळ असताना, फार भयानक दिसतो. पण पाठांतर, समोरच्याचं ऐकणं, चुकलं तरी न थांबणं हे सगळं नाटकातून येतं आणि सेटवर त्याचीच किंमत आहे.

बोलीबद्दल पण सांगते, कारण सांगली-कोल्हापूर, विदर्भाकडच्या मुली उगाच घाबरतात की आपली भाषा ‘तशी’ नाही. अहो आता उलट आहे. ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे शूट झाली, ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळ वसगडे गावात, ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळ आकेरीला, आणि ह्या मालिकांमध्ये त्या त्या भागातल्या कलाकारांना भरपूर कामं मिळाली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरची, पण ती करणारी अनिता दाते नाशिकची, तिने ती बोली मेहनतीने उचलली आणि लोकांना ती तिकडचीच वाटली. तेव्हा आपली बोली सोडू नका, प्रमाण मराठीही शिका, दोन्ही येऊ देत. आणि तुमच्या जिल्ह्यात एखाद्या मालिकेचं शूट लागलंय असं कळलं तर छोट्या रोलसाठी तिथेच ऑडिशन होतात, मुंबई गाठायची गरजच नाही पहिल्या फटक्यात.

ऑडिशन

पोर्टफोलिओवर पन्नास हजार घालवू नका, प्लीज. चार फोटो लागतात, एक क्लोज, एक पूर्ण उभी, एक साडीत, एक साध्या ड्रेसमध्ये, मेकअप कमीत कमी, फिल्टर अजिबात नाही. कास्टिंगवाल्याला तुमचा चेहरा बघायचा असतो, फोटोग्राफरची कला नाही. जिचा फोटो एक आणि प्रत्यक्षात चेहरा दुसरा तिचं नाव पुन्हा बोलवायच्या लिस्टमधून जातं.

आता पहिली फेरी बहुतेक वेळा सेल्फ टेपवरच, म्हणजे घरी स्वतः शूट करून पाठवलेल्या व्हिडिओवरच होते. फोन आडवा धरा, मागे साधी भिंत, उजेड समोरून येऊ दे, पंखा बंद, शेजारच्या घरातला कुकर होईपर्यंत थांबा. आधी इंट्रो द्यायचा, नाव, वय, उंची, कुठे राहता, आधी काय काम केलंय, मग डावं-उजवं प्रोफाइल, मग सीन. समोरच्याची वाक्यं कोणाकडून तरी वाचून घ्या पण तो माणूस फोनपासून लांब बसवा, नाहीतर टेपमध्ये तुमच्या भावाचाच आवाज जास्त येतो. सीन देताना रडायची घाई करू नका. ऑडिशनला आलेली प्रत्येक मुलगी रडून दाखवते, म्हणून नीट ऐकून घेणारी, मध्ये थांबून उत्तर देणारी मुलगी लक्षात राहते. फाइलला स्वतःचं नाव आणि नंबर द्या, ‘फायनल फायनल २’ असं नाही.

त्यापुढे कसं चालतं, तर प्रोडक्शन हाऊसची क्रिएटिव्ह टीम आठ-दहा मुली निवडते, मग लूक टेस्ट, म्हणजे त्या पात्राचे कपडे, केस, टिकली करून बघतात, मग मॉक शूट, समोर हिरो असेल तर दोघांची जोडी कशी दिसते ते बघतात, आणि शेवटचा होकार चॅनलचा. म्हणजे प्रोड्युसर म्हणाला ‘तूच आहेस’ तरी पेढे वाटू नका. चॅनलचा मेल येऊन करारावर सही झाली की मग वाटा. ह्या सगळ्याला कधी चार दिवस लागतात कधी तीन महिने, आणि नाही म्हणायला कोणी फोन करत नाही, फोन आला नाही म्हणजे नाही असं समजायचं आणि पुढच्या टेपला लागायचं.

फसवणुकीचं एक ठाम सांगते. ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी, ‘आर्टिस्ट कार्ड’साठी, रोल नक्की करण्यासाठी कोणी पैसे मागितले की तो माणूस खोटा. पूर्णविराम. कमिशन कामाचे पैसे आल्यावर द्यायचं असतं, आधी नाही, आणि टक्का व्हॉट्सॲपवर तरी लिखित हवा. मीटिंग ऑफिसात किंवा स्टुडिओत, दिवसा, सोबत कोणीतरी. हॉटेलच्या रूमवर, रात्री, ‘सरांना भेटून जा’ असं आलं तर जायचं नाही, रोल कितीही मोठा असू दे, कारण खरी ऑडिशन तिथे होतच नाही. सेटवर काही झालं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच लागते, पहिल्या दिवशी सहज विचारून ठेवा की समितीत कोण आहे. विचारल्यावर ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा, चेहरा बघा, बरंच कळतं. आणि सिंटा, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, त्याची मेंबरशिप दोन-तीन कामं झाली की घेऊन टाका, पैसे अडकले की एकटीने फोन करणं आणि संघटनेचं पत्र जाणं ह्यात फार फरक पडतो.

करार, म्हणजे खरा अभ्यास

स्क्रिप्टपेक्षा हे नीट वाचा. मी बघितलंय, मुली चार पानांचा सीन अर्ध्या तासात पाठ करतात आणि वीस पानांचा करार न वाचता सही करतात, कारण समोर बसलेला म्हणतो ‘स्टँडर्ड आहे मॅडम’. स्टँडर्ड कोणासाठी?

बघायचं काय, तर आधी महिन्याला किमान किती दिवसांची गॅरंटी आहे. ही ओळ नसेल तर तुम्हाला महिनाभर अडकवून तीन दिवस बोलावू शकतात. लीडला वीस-बावीस दिवस आपोआप लागतात, आमच्यासारख्यांना ही ओळ म्हणजे भाकरी. मग एक्सक्लुझिव्हिटी, म्हणजे ह्या काळात दुसऱ्या चॅनलवर काम करता येणार नाही, ठीक आहे, पण मग नाटक चालेल का, सिनेमा चालेल का, जाहिरात चालेल का, हे वेगवेगळं लिहून घ्या. मराठीत हे फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडे आठवडाभर मालिका आणि शनिवार-रविवार नाटकाचे प्रयोग असं कितीतरी जणी करतात. प्रयोगाच्या दिवशी चार वाजता सोडणार असं तोंडी कबूल केलेलं त्या दिवशी कोणालाच आठवत नाही आणि गडकरी रंगायतनला प्रेक्षक येऊन बसलेले असतात. तारखा कराराला जोडता आल्या तर जोडा, नाहीतर दर महिन्याला मेल करा.

नोटीस पीरियड दोन्ही बाजूंनी सारखा आहे का ते बघा. शिफ्ट किती तासांची, बहुतेक ठिकाणी १२ तास, त्यावर थांबवलं तर पैसे कसे. कन्व्हेयन्स, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च, वेगळा मिळतो का. आउटडोर असेल तर राहणं, जेवण आणि प्रवासाच्या दिवसाचे पैसे मिळतात का. आणि कपडे. आजकालच्या पात्रांना ‘तुमचे दोन-चार कुर्ते घेऊन या ना’ म्हणतात आणि ते कुर्ते कंटिन्युटीत, म्हणजे आधीच्या सीनशी सगळं जुळायला हवं ह्यात, अडकले की मालिका संपेपर्यंत परत मिळत नाहीत.

सेटवर

मराठी मालिकांचे बरेच सेट ठाण्याला घोडबंदर रोडला, मीरा रोड-काशिमिऱ्याला, नायगावला, मढला आणि गोरेगावच्या फिल्मसिटीत आहेत. म्हणून घर बघताना दादर-अंधेरीच्या मोहात पडू नका, ठाणे, मीरा रोड, बोरिवली ह्या पट्ट्यात पीजी बघा. सातचा कॉल असेल तर सातला मेकअप रूममध्ये बसलेलं असायचं, सातला ‘घोडबंदरला ट्रॅफिक आहे’ असा मेसेज नाही. घोडबंदरला ट्रॅफिक आहे ही बातमी नाही. जुई गडकरी कर्जतची आणि ती लोकलने प्रवास करते हे आता सगळ्यांना माहितीये, त्यामुळे लांब राहता म्हणून काम मिळत नाही असं नाही, पण मग झोपेचं गणित तुमचं तुम्ही बसवायचं.

अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये जाहिराती काढल्या तर साधारण बावीस मिनिटं उरतात आणि ती आठवड्यातून सहा दिवस, वर महाएपिसोड असला तर तासाभराचा. म्हणजे रोज तेवढं तरी शूट व्हायलाच लागतं, नाहीतर बँक संपते. बँक म्हणजे तयार असलेले एपिसोड. बँक चांगली असली की सेटवर सगळे हसत असतात, बँक संपली की आज शूट केलेलं उद्या-परवा दिसतं आणि स्क्रिप्ट सीन लागल्यावर हातात येते, शाई ओली म्हणतात ना तशी. ह्यासाठी एकच उपाय, रोज घरी पेपरातला एखादा परिच्छेद दहा मिनिटांत पाठ करून आरशासमोर म्हणायचा. कंटाळवाणं आहे पण सेटवर प्रॉम्प्टिंगशिवाय जी बोलते तिचे सीन लेखक वाढवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण तिच्यामुळे वेळ वाचतो. आणि सीन वाढले म्हणजे दिवस वाढले. दिवस वाढले म्हणजे काय ते वर सांगितलंय.

तांत्रिक बाजू पटकन सांगते, पहिले दोन आठवडे सेटवर सीन नसला तरी मॉनिटरमागे बसा, सगळं कळतं. ‘लाइट घे’ म्हणजे उजेडात ये, ‘चीट कर’ म्हणजे प्रत्यक्षात समोरच्याकडे न बघता कॅमेऱ्याला बरं दिसेल अशी वळ, ‘लूक दे’ म्हणजे नजर कुठे ते. मास्टरमध्ये, म्हणजे सगळे एकत्र दिसतात त्या शॉटमध्ये, ग्लास उजव्या हातात घेतला तर क्लोजमध्येही उजव्याच. कंटिन्युटी बघायला एडी, म्हणजे असिस्टंट डिरेक्टर, असतो पण तो बिचारा एकावेळी सहा जणींची मंगळसूत्रं बघतोय, तेव्हा स्वतःच्या मोबाईलवर प्रत्येक सीनआधी स्वतःचा फोटो काढा, मंगळसूत्र आत की बाहेर, पदर कसा, बांगड्या किती. आपल्याकडे लेपल, म्हणजे कपड्यांना लावायचा छोटा माइक, लावून आवाज तिथल्या तिथे घेतात, म्हणून शॉट चालू असताना एसी-पंखे बंद, आणि अंगावर शालू. लग्नाचा सिक्वेन्स तर आठ-दहा दिवस चालतो, रोज तीच साडी, तेच दागिने, तीच मुंडावळी. टीव्हीवर बघणाऱ्यांना वाटतं किती नटलीये, आम्हाला फक्त त्या साडीचा वास आठवतो.

ग्लिसरीन डोळ्याच्या आत घालायचं नसतं, खालच्या कडेला बोटाने लावायचं, तेही अगदी थोडं. लेन्स असतील तर आधी काढा. मेकअप रात्री कितीही दमलात तरी काढून झोपा. सेटवरचं जेवण रोज खाऊ नका, डबा न्या, आणि पाणी पीत राहा, बाथरूम लांब आहे म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुलींना युरिन इन्फेक्शन होतं, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. मेकअपदादा, हेअरताई, स्पॉटदादा, ड्रेसदादा ह्यांची नावं पहिल्या दिवशी पाठ करा. कोणाकडे काम चालू आहे, कुठे नवीन मालिका येतेय हे सगळ्यात आधी ह्यांनाच कळतं, कोऑर्डिनेटरला नंतर.

गुरुवार

टीआरपी दर गुरुवारी येतो. बार्क, म्हणजे प्रेक्षक मोजणारी संस्था, आकडे देते आणि त्या दिवशी सेटवरचं वातावरण बघूनच कळतं की कोणाचा ट्रॅक वाढणार आणि कोण ‘माहेरी’ जाणार. माहेरी जाणं, परदेशी नोकरी लागणं, कोमात जाणं, ही सगळी आमच्याकडे दिवस कमी होण्याची लक्षणं आहेत. मनाला लावून घ्यायचं नाही, बऱ्याचदा तुमच्या कामाचा त्यात संबंधच नसतो. आणि आकडे चांगले असले की गोष्ट ताणली जाते, ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण किती लांबलं ह्यावर महाराष्ट्राने विनोद केले, पण त्या सगळ्या महिन्यांत सेटवर कितीतरी घरं चालत होती हेही खरं. तिचं ‘काहीही हं श्री’ हे तर ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांनाही पाठ झालं.

बदली होणं ही पण नॉर्मल गोष्ट आहे. ‘आई कुठे काय करते’मध्ये संजना आधी दीपाली पानसरे करायची, नंतर रुपाली भोसले आली आणि प्रेक्षकांनी तिलाही घेतलं, घेतलं म्हणजे मनसोक्त शिव्या घातल्या, खलनायिकेला तीच पावती. रसिका सुनील ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया सोडून २०१८ मध्ये अमेरिकेला शिकायला गेली, मध्ये ईशा केसकरने शनाया केली, आणि २०२० मध्ये रसिका परत आली त्याच रोलमध्ये. तेजश्री प्रधान २०२५ च्या जानेवारीत ‘प्रेमाची गोष्ट’मधून बाहेर पडली आणि त्याच वर्षी दुसऱ्या चॅनलवर नवीन मालिका घेऊन आली. तेव्हा तुम्हाला कोणाच्या जागी बोलावलं तर आधीचीची नक्कल करू नका, आणि तुमच्या जागी कोणी आलं तर तिच्यावर चिडू नका, तिलाही पर डेच आहे. जायचंच असेल तर नोटीस देऊन, शेवटचा सीन नीट करून, पेमेंटची तारीख लेखी घेऊन जा. हा धंदा लहान आहे, ह्या प्रोडक्शनचा ईपी पुढच्या वर्षी त्या प्रोडक्शनला असतो.

कमेंट्स वाचायच्या तर आठवड्यातून एकदा, घरी, जेवण झाल्यावर. सेटवर मेकअप रूममध्ये वाचायच्या नाहीत.

पैसे आणि मधले महिने

रोजची डायरी ठेवा, तारीख, कॉल टाइम, पॅक अप, किती वाजेपर्यंत थांबवलं. महिन्याच्या शेवटी प्रोडक्शनला मेल करून दिवस कन्फर्म करून घ्या, तीन महिन्यांनी ‘तुमचे अकराच दिवस दिसतायत मॅडम’ म्हणाले की डायरी आणि मेल दोन्ही पुढे करायचं. माझे एका ठिकाणी असेच दिवस कमी दाखवले होते, मेल होता म्हणून मिळाले. टीडीएस कापला की तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनला दिसतोय का बघा, रिटर्न भरा, उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो. वर्षाला २० लाखांच्या वर गेलात तर जीएसटी रजिस्ट्रेशन, तेव्हा सीए लागेलच, पण त्या दिवशी मला पेढा पाठवा.

बाहेरच्या सुपाऱ्या, म्हणजे दहीहंडी, नवरात्र, हळदीकुंकू, ज्वेलरच्या दुकानाचं उद्घाटन, ह्या चालू मालिकेच्या काळातच मिळतात आणि पैसे बरे असतात, पण चॅनलची परवानगी लागते का ते करारात बघा. अर्धे पैसे आधी, उरलेले गाडीतून उतरायच्या आधी. स्टेजवर एकदा चढलात की मागायची सोय नाही.

आणि मालिका बंद होते. प्रत्येक होते. कधी महिनाभर आधी सांगतात, कधी आठ दिवस. मार्च २०२० मध्ये तर सगळंच एका दिवसात थांबलं, नवे एपिसोड थेट जुलैमध्ये सुरू झाले. २०२१ च्या एप्रिलला महाराष्ट्रात परत शूटिंग बंद झालं तेव्हा बऱ्याच मालिका गोव्याला गेल्या, आणि मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. त्या दोन वर्षांत ज्यांच्याकडे सहा महिन्यांची शिल्लक होती आणि ज्यांच्याकडे नव्हती ह्या दोन वेगळ्या जाती झाल्या होत्या इंडस्ट्रीत. म्हणून काम चालू असतानाच दर पेमेंटमधला तिसरा हिस्सा हात न लावायच्या खात्यात, आणि आरोग्य विमा स्वतःचा स्वतः घ्या, पर डेवाल्यांना कोणी देत नाही.

दोन मालिकांच्या मधल्या काळाची लाज वाटून घेऊ नका. जुई गडकरीची ‘पुढचं पाऊल’ २०१७ ला संपली, मध्ये तिने छोटं-मोठं केलं, ‘ठरलं तर मग’ आली २०२२ च्या डिसेंबरमध्ये. मुक्ता बर्वेची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ ची, ‘रुद्रम’ २०१७ ची आणि ‘अजूनही बरसात आहे’ २०२१ ची, मधल्या काळात तिने नाटक-सिनेमा केला, स्वतः नाटकं काढली. तुमच्या-माझ्याकडे तेवढा पसारा नसतो, मग डबिंग आहे, ऑडिओबुक आहेत, शाळांमध्ये नाट्यशिबिरं आहेत, सूत्रसंचालन आहे. ह्यातलं एक तरी मालिका चालू असतानाच शिकून ठेवा, बंद पडल्यावर शिकायला मन लागत नाही. हिंदीत जायचं असेल तरी रस्ता बंद नाही, मृणाल ठाकूर ‘कुमकुम भाग्य’मध्ये होतीच की, पण तिकडे तास जास्त, स्पर्धा जास्त आणि हिंदी उच्चार स्वच्छ लागतो, ‘ज’ आणि ‘ज़’वर सहा महिने काढायची तयारी ठेवा.

शेवटी वय. ह्यावर कोणी स्पष्ट बोलत नाही. तिशी ओलांडली की एके दिवशी फोन येतो, ‘आईचा रोल आहे, पण यंग मदर’. यंग मदर म्हणजे पंचवीस वर्षांच्या मुलाची आई, तो मुलगा प्रत्यक्षात तुमच्याहून चार वर्षांनी लहान. रागाने फोन ठेवू नका, आधी विचारा किती दिवस, मुलाचं लग्न झालंय का (झालं असेल तर सासू, म्हणजे दिवस भरपूर), आणि पात्राला स्वतःची काही गोष्ट आहे का नुसतंच ताट वाढायचंय. कविता मेढेकर २००१ ते २०१३ ‘चार दिवस सासूचे’मध्ये सून होती, समोर रोहिणी हट्टंगडींची सासू, आणि २०२३ मध्ये ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’मध्ये तीच भुवनेश्वरी म्हणून आली, सगळ्या घराला धाकात ठेवणारी, आणि लोक तिच्यासाठी मालिका बघायला लागले. ‘आई कुठे काय करते’मधली मधुराणी प्रभुलकरची अरुंधती तर तीन मोठ्या मुलांची आई आणि मालिकेची हिरोईन, २०१९ च्या डिसेंबरपासून जवळजवळ पाच वर्षं चालली. ताट वाढणारी आई असेल आणि दिवसही पाच-सहाच असतील तर मात्र नाही म्हणा, कारण एकदा तसे केस पांढरे करून दिसलात की पुढचे सगळे फोन त्याचेच येतात. हो म्हणालात तर रेट वाढवून मागा, आणि प्रोफाइलवर एकच वय लिहू नका, रेंज लिहा, २८ ते ४०, दोन्ही लूकचे नवे फोटो काढून सगळ्या कोऑर्डिनेटरना त्याच दिवशी पाठवून द्या.